पुराव्याचा रकाना

शिरूरच्या आमच्या कॉलेजात मी विभागप्रमुख होतो. विभागातल्या शिक्षकांच्या कामाला दर वर्षी गुण द्यायचे ते मीच, आणि न्याय करावा तर आपणच, अशी माझी ठाम समजूत होती.

दौंडहून एसटीने येणाऱ्या एक मॅडम आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत. नेमणूक वर्षापुरती. पुढच्या वर्षी किती तास मिळतील, मुळात मिळतील की नाही, हे माझ्या गुणांवर ठरायचं. सकाळी आठला माझ्या केबिनमध्ये चहा व्हायचा. केंदूरचे एक सहकारी रोज हजर, कधी मेथीची जुडी घेऊन. फाटकातून घाईघाईने येणाऱ्या मॅडम खिडकीतून दिसल्या की ते म्हणायचे, "आवो सर, दौंडची गाडी कवा येळंवर आलीय?" मीही हसायचो. वर्षाअखेरी वक्तशीरपणाचे गुण मॅडमना निम्मे आणि मेथीवाल्यांना पैकीच्या पैकी.

यंदा प्राचार्यांनी फॉर्मात एक रकाना वाढवला: प्रत्येक गुणापुढे पुरावा लिहा. माझं डोकंच फिरलं. रोज डोळ्यांनी बघतोय, आणखी पुरावा कसला? चडफडतच तासांची नोंदवही मागवली.

मॅडमचा पहिला तास नऊला होता. वेळापत्रक माझ्याच अक्षरात! वर्षभरात त्यांचा एकही तास उशिरा सुरू झाला नव्हता. सव्वाआठला त्या धावत यायच्या, ते रांजणगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करून येणाऱ्या मुलांचा बुडालेला भाग शिकवायला. त्याच वहीत मुलांच्या सह्या होत्या. मेथीवाल्यांचा तास मात्र आठचा होता. त्या वेळी ते कुठे असायचे, याचा साक्षीदार मीच.

मला स्वतःची लाज वाटली. भाजीला भुललो होतो की रोजच्या चहाला, कोण जाणे. दोघांचेही गुण नोंदवहीप्रमाणे लिहिले आणि मॅडमना बोलावून सगळं सांगितलं. वाटलं, बाई आभार मानतील.

त्यांनी नोंदवहीतलं ते पान वाचलं. मग म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षी माझे तास निम्मे केले, ते याच गुणांवर ना?"

"हो. चूक माझी होती."

"मग तेवढं लिहून द्या. पुरावा लागतो आता."

मी कोरा कागद पुढे ओढला. त्या समोर उभ्याच होत्या. खाली सही करेपर्यंत त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.