भाताच्या लोंब्या आणि शेवटचं पान

माझ्या आत्यानं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली आणि आम्ही कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. माझे वडील शेतकी खात्यात होते. कालव्याकाठच्या गावांतल्या जुन्या भाताच्या जातींवर त्यांनी इंग्रजीत एक लेख लिहिला होता, तो एका मासिकात छापून आला. आत्या म्हणायची, "त्यातली लोंब्यांची चित्रं माझी." माझा धाकटा भाऊ हसायचा. "हो आत्या, आणि तंजावरचा राजवाडा पण तूच बांधलास!"

घरात त्या लेखाची प्रत नव्हती. आता आत्या नव्वदीला आली. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसराही अंधुक होतोय. मागच्या पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, मला म्हणाली, "अगो, दिसतंय तोवर एकदा बघू दे." मग मी कशी गप्प बसणार?

माझी नात इथल्याच कॉलेजात शिकते. तिला म्हटलं, चल, तुझ्या लायब्ररीत शोधू. मी शाळा फार केली नाही, पण लायब्ररीची मला भीती नाही. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत वाढलेलं माणूस, तिथल्या ग्रंथालयातल्या पोथ्यांचा वास नाकात घेऊनच मोठं झालेलं.

पण इथे पोथ्या नव्हत्या, संगणक होते. नातीनं आमचं आडनाव टाकलं, पणजोबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव टाकलं. काहीच नाही. पुन्हा टाकलं. शून्य. लेखच नसेल तर?

तेवढ्यात तिथल्या ग्रंथपाल बाई आल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, "काय शोधताय, पाटी?" पाटी म्हणजे आजी. मी सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, "हे आडनाव ते ऑफिसात लिहायचे?"

मी कपाळाला हात लावला. आमचं आडनाव लग्नपत्रिकेत आणि देवासमोर! कागदावर वडील म्हणजे पुढे आजोबांचं आद्याक्षर, मग नाव, मागे राव. तंजावरात आम्हा सगळ्यांचं तेच. मी आडनाव अभिमानानं सांगत बसले आणि वडीलच हरवले.

'राव' टाकल्यावर मात्र इतके राव निघाले की नात म्हणाली, "आजी, अख्खा दरबार आला!" बाईंनी मग नाव सोडून दिलं. विषय टाकला, भात आणि कावेरी. आणि आला की लेख! पण नुसतं शीर्षक आणि चार ओळींचा सारांश. त्याखाली पैसे भरा म्हणून चौकोन. नातीनं लगेच पैसे भरायला फोन काढला.

"थांब गं," बाई म्हणाल्या. "लायब्ररी कशाला आहे? आधी आपल्याकडे मासिक आहे का बघायचं, मग कुठल्या वर्षापासून आहे ते."

मासिक होतं, पण वडिलांच्या लेखानंतरच्या वर्षांचं. बाई हिरमुसल्या नाहीत. दुसऱ्या एका शेतकी कॉलेजात जुने बांधलेले अंक आहेत असं त्यांनी यादीत दाखवलं आणि मागणीचा अर्ज भरायला घेतला. मासिकाचं नाव, वर्ष, खंड, अंक, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत. मी म्हटलं, "बाई, शेवटचं पान नक्की मागा हं. आभार तिथेच असतात ना? आत्याचं नाव असलं तर तिथेच असणार." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते वेगळं लिहिलं.

दहा-बारा दिवसांनी नात त्या पानांची छापील प्रत घेऊन आली, आपल्याकडेच ठेवायची. मी आधी शेवटचंच पान काढलं. "वाच." तिनं वाचलं. साहेबांचे आभार, शेतकऱ्यांचे आभार, खात्याच्या शिपायाचेसुद्धा आभार. आत्याचं कुठे काही नाही. वडिलांचा राग आला, खोटं कशाला बोलू. शिपाई आठवला आणि बहीण नाही?

तरी पापनाशमची बस धरली. भावाचं घर तिथे आणि आत्या त्याच्याकडे. वाटेत नात विचारत होती, काय सांगायचं. मलाही ठाऊक नव्हतं. दारात कोलम होता, म्हणजे इकडची रांगोळी. आत्या अजून हातानं चाचपत स्वतः काढते. आधी तांदळाच्या पिठाचे ठिपके, मग त्यांच्या भोवतीनं रेघ.

आभारांचं सांगायला मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ते राहू दे गो. चित्रं दाखव."

भिंग घेऊन तिनं पान डोळ्याला जवळजवळ चिकटवलं. एकेक लोंबी भिंगाखालून नेली. मग बोट टेकवून म्हणाली, "हे बघ. ठिपके."

आम्ही वाकून बघितलं. प्रत्येक लोंबीच्या दाण्यांमधून बारीक काळे ठिपके, एका ओळीत, सारख्या अंतरावर. दाण्यांची रेघ त्यांच्याभोवतीनं वळत गेलेली.

"मला दुसरं कसं काढायचं कुठे येत होतं? आधी ठिपके घातले, शाईचेच. अण्णा, तुमचा बाप, ओरडला, हे काय, रांगोळी आहे का? पण टपाल जायचं होतं. तसंच पाठवलं."

भाऊ उठून दारात गेला. कोलमकडे बघत उभा राहिला. परत आला तो पेन घेऊन. चित्राखाली मोकळ्या जागेत आत्याचं नाव लिहायला वाकला, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून थट्टा निघाली नाही. नुसतं म्हणाला, "आत्या, पुढे आद्याक्षर आजोबांचंच लावू ना?"

आत्यानं त्याचा हात धरला. "लाव. पण पेन्सिलनं लिही रे. लायब्ररीचं आहे, परत द्यावं लागेल."