दम पुरला का?

माझे आजोबा गेले हे माझ्या शाळेला माझ्याआधी कळलं. शाळेला कळलं, रविवारच्या बुद्धवंदनेच्या हॉलला कळलं, आमच्या रस्त्यावरच्या दोन मराठी घरांना कळलं. उरलो होतो मी आणि माझी धाकटी बहीण. ती तेव्हा तिसरीत होती, तिला तसंही कुणी काही सांगत नसे. माझी बारावी चालू होती, आणि बारावी म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ऑस्ट्रेलियात येऊन माणसं मासे कापायला शिकतात, गवत कापायला शिकतात, पण घरात बारावीचं पोर असलं की सगळे पुन्हा जिथून निघाले तिथे जाऊन बसतात.

आम्ही क्वेकर्स हिलला राहायचो. शाळा सरकारी, साधी. परीक्षा देऊन प्रवेश मिळणाऱ्या सिलेक्टिव्ह शाळेत माझा नंबर लागला नव्हता आणि बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त मला शनिवार-रविवार गिरावीनच्या क्लासला घातलं. शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या होत्या, ज्या मी यायच्या कितीतरी आधीपासून तात्पुरत्या होत्या. उन्हाळ्यात त्यात बसून गणित करताना डोकं भणभणायचं. पण शाळेला मैदान होतं. मोठं, हिरवं, कडेला निलगिरीची झाडं, आणि वर्षातले बहुतेक दिवस रिकामं.

वर्षातून एकदा तिथे ॲथलेटिक्स कार्निव्हल, म्हणजे धावण्या-उड्यांच्या स्पर्धा, व्हायचा. शाळेच्या लेखी तो सक्तीचा दिवस आणि आमच्या लोकांच्या लेखी अभ्यासाची फुकट मिळालेली सुट्टी. त्या दिवशी आमची निम्मी मुलं ‘आजारी’ असायची. मला मात्र जाऊ द्यायचे, कारण आजोबांनी बाबांना फोनवर झापलं होतं.

आजोबा नागपूरला महापालिकेच्या शाळेत पीटीचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर एका थंडीत ते आमच्याकडे आले. रोज दुपारी स्वेटर, मफलर, पायात कॅनव्हासचे बूट घालून शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभे राहायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “एवढं गवत पडलंय आणि तुम्ही सगळे सावलीत बसून चिप्स खाता? लाज वाटत नाही?” त्यांनी मला आठशे मीटर धावायला शिकवलं. खांदे कानाला लावू नकोस, मूठ आवळू नकोस, पहिल्या फेरीत शहाणपणा कर, दुसरीत वेडेपणा. आमच्या पीटीच्या मिस दुरून बघायच्या. दोघांचं इंग्रजी-मराठी एकमेकांना कळत नव्हतं, तरी एक दिवस दोघं कुंपणाच्या दोन बाजूंनी हातवारे करून माझ्या पायांबद्दल बोलत होते आणि मी मधे उभी होते.

ते परत गेल्यावर सगळं व्हॉइस मेसेजवर चालायचं. शर्यत झाली की मी बोलायची आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “दम पुरला का?” कितवी आलीस, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. नंबर दुसऱ्यांच्या पायांवर असतो, म्हणायचे, त्यात तुझं काय?

बारावीच्या वर्षी आठशे मीटरला मी शाळेत पहिली आले, झोनमधून पुढे गेले आणि रिजनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेला, माझी निवड झाली. ते नेमकं बोर्डाआधीच्या ट्रायल परीक्षांना चिकटून आलं. बाबांचा चेहरा पडला, पण आजोबांच्या भीतीने ते गप्प राहिले. मला फक्त एवढंच हवं होतं की रिजनल व्हावी आणि तो प्रश्न कानावर पडावा. बाकी मार्क वगैरे सगळं मी घरच्यांसाठी करत होते.

ट्रायल्स सुरू होण्याच्या सुमाराला बाबा ऑफिसच्या कामाने सिंगापूरला गेले. आठवड्याभराने परतले तेव्हा थकलेले होते, पण ते नेहमीच थकलेले असायचे. आमच्यात मुंडण वगैरे करत नाहीत, त्यामुळे डोक्याकडे बघून काही कळायचीही सोय नव्हती. येताना सिंगापूरच्या विमानतळावरची चॉकलेटं आणली. ती खरीच होती; नागपूरला जाताना-येताना विमान तिथेच बदलावं लागतं.

आजोबांचे व्हॉइस मेसेज बंद झाले आणि टाइप केलेले यायला लागले. घसा बसलाय, असं आलं. मी विचारलं, डॉक्टरकडे गेलात का? गेलो, असं आलं. मी गणिताचा पेपर कसा गेला ते सांगितलं तर ‘शाब्बास, पहिलं यायचं हं’ असं आलं. पहिलं यायचं! आजोबा असं बोलतील? पण मला तेव्हा काही खटकलं नाही, उलट बरं वाटलं. ते मेसेज नागपूरचा काका टाइप करत होता, आजोबांच्या फोनवरून. माझा काका वाईट माणूस नाही. त्याला सांगितलं होतं म्हणून त्याने केलं, आणि नंतर मला म्हणाला की प्रत्येक वेळी तुझा मेसेज वाजला की जेवण जात नव्हतं.

बाबा परतल्यानंतरच्या रविवारी मला आणि बहिणीला हॉलवर नेलं नाही. तू अभ्यास कर, म्हणाले. तिकडे पुण्यानुमोदन झालं, खीर झाली, आजोबांचा फोटो होता, आणि मी घरी बसून केमिस्ट्रीची समीकरणं सोडवत होते. शाळेत सगळे माझ्याशी फार गोड वागत होते. एरवी उशिरा गेलं की डोळे वटारणारे इंग्रजीचे सर म्हणाले, “टेक युअर टाइम, मेट.” मला वाटलं, रिजनलला निवडल्यामुळे माझा भाव वाढलाय. मी मनातल्या मनात फुशारले होते, हे आठवलं की आजही अंगाची आग होते.

बाबांनी शाळेला कळवलं होतं, मुलीवर लक्ष ठेवा म्हणून. आणि तिला सांगू नका, असंही कळवलं होतं. यातलं पहिलं सगळ्या शिक्षकांपर्यंत पोचलं. दुसरं पीटीच्या मिसपर्यंत पोचलं नाही. त्यात त्यांची चूक नाही. घरात मरण झालंय आणि ते पोरीला माहीत नाही, असं त्यांच्या डोक्यात यावं तरी कसं?

रिजनलच्या मैदानावर आठशेच्या आधी त्या माझ्याजवळ आल्या. हातात काळी पट्टी होती, दंडाला बांधायची. इकडे खेळाडू असं करतात, कुणी गेलं की दंडाला काळी पट्टी बांधून मैदानात उतरतात. मिसने ती घरून आणली होती, टोकं नीट शिवलेली होती.

“फॉर युअर ग्रँडड,” त्या म्हणाल्या. “ओन्ली इफ यू वॉन्ट.”

“व्हॉट फॉर?” मी विचारलं.

त्यांचा चेहरा बघून मला कळलं. त्यांनी तोंडावर हात नेला, पट्टी खाली गवतात पडली. मग त्यांनी मला मिठी मारली आणि ‘सॉरी, सॉरी’ म्हणत राहिल्या. तेवढ्यात माझ्या शर्यतीला बोलावलं. मिस म्हणाल्या, नको धावूस. पण दुसरं काय करायचं ते मला सुचेना, म्हणून मी पट्टी उचलली, बांधली आणि रेषेवर जाऊन उभी राहिले.

मी शेवटची आले. दुसऱ्या फेरीत छातीत हवाच जाईना, खांदे कानाला लागले, मुठी आवळल्या गेल्या, सगळं चुकलं. रेषा ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले तेव्हा मला एकच गोष्ट कुणाला तरी सांगायची होती, की दम नाही पुरला. ते विचारणारं माणूस राहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मी बाबांशी भांडले. ओरडले, दार आपटलं, त्यांच्या सिंगापूरवरून त्यांना नको ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, “त्यांनीच सांगितलं होतं. पोरीची परीक्षा होईपर्यंत कळवू नका म्हणाले.” हे खरं की खोटं ते मला आजही माहीत नाही. विचारायचं कुणाला? ट्रायल्समध्ये मला गणितात फार चांगले मार्क पडले. बाबांच्या डोळ्यांत ‘बघ’ होतं. त्यांचा उपाय लागू पडला होता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरला, ती दूर होती म्हणून. फिजिओ झाले, तिथेच राहिले. धावणं सोडलं.

बहीण मात्र धावायला लागली. कुणी न शिकवता. त्याच शाळेत, त्याच मैदानावर. ती पंधराशे मीटर धावते आणि खांदे खाली ठेवते. मराठी तिला सगळं कळतं पण बोलत नाही, उत्तरं इंग्रजीत देते. तिला मी आजोबांची सगळी गोष्ट सांगितली होती. ती म्हणाली होती, “दॅट्स सो मेस्ड अप. प्रॉमिस मी, यू विल नेव्हर डू दॅट टु मी.” मी प्रॉमिस केलं होतं.

गेल्या वर्षी, तिच्या रिजनलच्या आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला. बाबांना ऑफिसात छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्सने नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी बायपास करायची ठरली. बहिणीला सांगितलं होतं की बाबा कामाने मेलबर्नला गेलेत.

“तिला उद्या संध्याकाळी सांगू,” आई म्हणाली. “तू पण बोलू नकोस काही.”

“आई, परत?”

“तुझे बाबाच म्हणाले.”

मी फोन आपटला. सकाळच्या पहिल्या ट्रेनने निघाले. ठरवलं होतं: मैदानावर पोचायचं, शर्यतीआधी तिला बाजूला घ्यायचं, सांगायचं आणि थेट हॉस्पिटलला न्यायचं, ऑपरेशनआधी तिला बाबा दिसले पाहिजेत. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली. पोचले तेव्हा ती बाकीच्या मुलींबरोबर रेषेमागे उभी होती. तिने मला पाहिलं आणि दोन्ही हात वर करून हलवले. इतकी खूश झाली होती. मी कधीच जात नसे तिच्या शर्यतींना.

मी स्टँडमधून खाली गेले नाही. पंधराशेला पाचेक मिनिटं लागतात. म्हटलं, पाच मिनिटांनी काय होतंय. मग आधीची शर्यत लांबली. मग कुणाचा तरी पाय मुरगळला. मी स्टँडमध्ये बसून राहिले. ती मधेमधे माझ्याकडे बघत होती, मी हसत होते, आणि हसताना मला बाबांचा चॉकलेटं देतानाचा चेहरा आठवत होता. तेव्हा तो मला निर्ढावलेला वाटला होता. तो तसा नव्हता, हे मला त्या बाकावर बसून कळलं, आणि ते कळून मला जराही बरं वाटलं नाही.

ती बरीच मागे पडली. पहिल्या सहांत नव्हती. धापा टाकत माझ्याकडे आली तेव्हा मी सांगितलं.

ती म्हणाली, “यू न्यू?”

“हो.”

“सिन्स व्हेन?”

“काल संध्याकाळपासून.”

“अँड यू जस्ट सॅट देअर.”

टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. धावायचे स्पाइक्सही काढले नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा बाबांना आत नेलेलं होतं. आई बाहेरच्या खुर्चीवर त्यांचा चष्मा धरून बसली होती. बहीण तिच्याशी बोलली नाही, माझ्याशी बोलली नाही, भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी नळी काढल्यावर आम्हाला आत सोडलं. बाबा एवढेसे झाले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीवर नजर ठेवून बसलेल्या आवाजात विचारलं, “कितवी आलीस?”

ती पुढे झाली, त्यांचा हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, “पहिली.”

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईने चादर सारखी केली. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर बहिणीने मला आदल्या दिवसापासूनचं पहिलं वाक्य ऐकवलं. “डोन्ट टेल हिम, ओके? नॉट टिल ही’ज बेटर.”

“नाही सांगत,” मी म्हटलं.

बाबा आता घरी असतात, सकाळी थोडं चालतात, पण पूर्वीसारखे झालेले नाहीत आणि होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. दर रविवारी वंदनेनंतर हॉलमध्ये चहा घेताना भेटेल त्याला सांगतात की धाकटी रिजनलला पहिली आली. लोक म्हणतात, अरे वा, अभिनंदन! आईने केव्हाच एकेकीच्या कानात घातलंय. हॉलमध्ये सगळ्यांना खरं माहीत आहे.