मोठ्या बाईंची हजेरी

गेल्या शनिवारी होमस्कूलिंगचं कन्व्हेन्शन झालं... आमच्या कासलबारच्या किचनमध्ये. म्हणजे झूमवर हो. एरवी एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये आयर्लंडभरची ख्रिस्ती होमस्कूलवाली कुटुंबं जमतात, जुनी पुस्तकं विकतात, पोरं दंगा करतात. यंदा कोविडमुळे सगळे आपापल्या चौकोनात.

मला खरं तर जायचंच नव्हतं. नाव नोंदवलं तेव्हा आई होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... माझी आई एप्रिलमध्ये नगरला कोविडने गेली. आमच्यात 'प्रभूजवळ गेली' म्हणतात आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण आईचा दफनविधी फोनवर बघताना तो विश्वास कुठे जातो कोण जाणे. त्यात नेट अडकलं आणि पाळकसाहेबांची प्रार्थना अर्धीच ऐकू आली.

आई म्हणजे जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. माझ्या लेकीला, रूथला, आम्ही घरीच शिकवणार म्हटल्यावर पहिली भडकली तीच. "घरी शाळा? तू भरवणार? तुला स्वतःला कधी वेळेवर उठता आलं का गं?" आणि पुढच्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आमची शाळा तीच भरवायला लागली.

तिकडे तिचं दुपारचं जेवण आटोपलेलं, इकडे आमचे सकाळच्या चहाचे कप अजून टेबलावर. फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवायचा. आधी प्रार्थना, मग आठवड्याचं पाठ केलेलं सुवर्णवचन आणि मग हजेरी. एका मुलीची हजेरी! "रूथ गायकवाड?" "हजर, बाई." रूथला मराठी सगळं कळतं, पण उत्तर पक्क्या आयरिश इंग्लिशमध्ये येतं. हजेरी तेवढी मराठीतच.

शेवटी चष्म्यावरून बघत, जरा चिडवतच... "आणि मोठ्या बाई?" मोठ्या बाई म्हणजे हेडमिस्ट्रेस, म्हणजे मी. मग ओट्यापाशी असेन तिथून ओरडायचं, "हजर, आई!" त्याशिवाय शाळा सुरू व्हायची नाही.

आई गेली आणि शाळा भरेनाशीच झाली. रूथ टेबलाशी बसायला तयार नाही, आणि मलाही तो डबा बघवेना. सप्टेंबरपासून तिला गावातल्या शाळेत घालायचं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. समीरला, माझ्या नवऱ्याला, एवढंच म्हटलं की माझ्याच्याने आता होत नाही. त्याने वाद घातला नाही. शनिवारी लॅपटॉप लावून दिला आणि रूथला घेऊन तळ्यावर गेला.

मी कॅमेरा बंद ठेवून बसले. पहिल्या वक्त्या बाईंना सहा मुलं, ब्रेड घरचा, मुलांचं लॅटिनही चालू. म्हटलं, धन्य आहे बाई तुझी... माझं एकच लेकरू आणि मी दमले.

मग आम्हा पाच-सहा जणींना एका छोट्या ब्रेकआउट रूममध्ये टाकलं. तिथे ब्रीडा नावाच्या एक बाई होत्या. पांढरे केस, मेंढ्यांचा फार्म, सगळी मुलं घरीच शिकवून मोठी केलेली. वर्ष कसं गेलं, असं त्या एकेकीला विचारत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी 'ग्रँड', म्हणजे मजेत, असंच म्हणणार होते, इकडे सगळं ग्रँडच असतं. पण तोंड उघडलं आणि आईच बाहेर पडली... हजेरीसकट, सप्टेंबरसकट.

कुणी उपदेश केला नाही. ब्रीडाबाई एवढंच म्हणाल्या, "काल काय शिकवलंस, असं तुझी आई कधी विचारायची का गं?"

मी आठवून बघितलं. कधीच नाही. हजर आहेस का, एवढंच.

"मग आपणही तेवढंच विचारू," म्हणाल्या, आणि त्यांनी चक्क हजेरी घेतली. इथल्या शाळांत हजेरीला 'अन्शो' म्हणतात, आयरिशमध्ये 'इथे आहे'. चांगल्या थोराड बाया, पण एकेक जण शाळकरी मुलीसारखी "अन्शो" म्हणत गेली. मग... "शर्मिला?"

आई गेल्यापासून मी आहे का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, कशी आहेस. मी कॅमेरा सुरू केला. "हजर," एवढंच आलं आणि मग रडूच फुटलं. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. आईचं नाव साफ चुकीचं उच्चारलं, आई असती तर लगेच दुरुस्त केलं असतं... तरी ते नाव कुणीतरी मोठ्याने घेतलं, याचंच फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मी बिस्किटांचा डबा परत टेबलावर ठेवला. फोन नाही, नुसता डबा. प्रार्थना केली. "रूथ गायकवाड?" अगदी हळू, "हजर."

मी गणिताचं पुस्तक उघडलं, तर बाईसाहेब डब्याकडेच बघत बसलेल्या. "मॅमी, यू फरगॉट वन." आणि मग नसलेल्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत, शुद्ध मराठीत... "आणि मोठ्या बाई?"

"हजर, आई." सवयीने माझ्या तोंडून तेच गेलं.

रूथ हसली नाही. उठून माझ्या मांडीत येऊन बसली, एवढी मोठी झाली तरी. गणित त्या दिवशी राहूनच गेलं.

सप्टेंबरचं सप्टेंबरमध्ये बघू. ब्रीडाबाई, तुम्हाला हे वाचता येणार नाही, तरी मनापासून आभार.

आई, शाळा भरली गं.