प्रसादासारखी गोळी

नव्या औषधाच्या चाचणीसाठी आलेल्यांच्या रांगेत माझ्या पुढे एक मावशी बसल्या होत्या. डॉक्टरबाई त्यांना समजावत होत्या, "यकृताला सूज येऊ शकते. क्वचित जिवावरही बेतू शकतं. कळलं ना?"

"तुम्ही देताय म्हणजे चांगलंच असणार," मावशी हसल्या. उजव्या हाताखाली डावा धरून त्यांनी गोळी घेतली, कपाळाला लावली आणि प्रसादासारखी गिळली.

देणाऱ्याचा हात दिसला की माणसाला धोका ऐकूच येत नाही का? मी तर सगळं वाचून आलो होतो, म्हणून तर रात्रभर झोप नव्हती.

माझी पाळी आली.

"काही शंका?"

"नाही," मी म्हणालो आणि उजवा हात पुढे केला. डावा आपणहून त्याच्याखाली आला होता.