वऱ्हाडाचा ओठ

"ह्यो व्हट माजा न्हाय गड्या, वऱ्हाडाचा हाय!" असं बजावून अण्णा डबीतलं तूप बोटानं ओठांवर फिरवायचे, तोंडावर ओलं फडकं बांधायचे आणि मगच आगगाडीत चढायचे. सोलापुरात त्यांची सनई ऐकायला माणसं पंगत सोडून उठत. मी त्यांच्या मागं संबळ बडवायचो. माझ्या ओठाची चौकशी कधी कुणी केली नाही.

दुखणं तसं क्षुल्लक. उन्हातला प्रवास आणि जागरण झालं, की अण्णांच्या ओठावर पाण्याचे फोड उठायचे. बायका म्हणत, झुरळानं चाटलं. तुम्हाआम्हाला काय, चार दिवस तिखट बंद! अण्णांना मात्र सनईची पत्ती ओठात धरणं म्हणजे निखारा धरणं. मोहोळच्या एका लग्नात ते तसेच वाजवत बसले. सूर गोड, डोळ्यांतून धारा. यजमान म्हणाले, "काय तल्लीन झालाय गडी!"

एकदा गाडीत एका म्हातारीनं ते फडकं पाहून त्यांना मौनीबाबाच ठरवलं. पाया पडली, पुढ्यात केळी ठेवली. अण्णांनी गुमान हात वर केला.

"अण्णा, खरं सांगा की तिला!"

फडक्याआडून उत्तर आलं, "बोललं की व्हट फाटतोय. केळी खा."

मग त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं. केम गावाला, मुलाच्या दारी, आणि तेही भर वैशाखात. पोरीचं एकच मागणं होतं. "मला तितं सोडून निघताना तुमीच वाजवा. साऱ्या गावाच्या पोरींसाठी वाजवता की!"

झालं! अण्णांनी मिरची सोडली. सोलापूरचा माणूस आणि बिनतिखटाची भाकरी, मला तर बघवेना. प्रवासात दर स्टेशनावर फडकं भिजवलं. केमला उतरून आरशात पाहिलं, तर ओठ नवरदेवापेक्षा देखणा.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आमची निघायची वेळ आली. पोर दारात उभी होती. मी ठेका धरला, अण्णांनी सनई ओठाला लावली. सूर निघेना. पुन्हा लावली. नुसती हवा. तो धडधाकट ओठ लटलट कापत होता. माझ्या काड्या थांबल्या. पोर धावत आली, तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ द्या, अण्णा. पोचलं मला."

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले. ऊन सरळ तोंडावर येत होतं. मी भिजवलेलं फडकं पुढं केलं.

"ठेव तिकडं," ते म्हणाले. "आज ह्यो व्हट माजा हाय."