मुक्कामाच्या मेंढ्या

“पोरी, मेंढ्या हायत, एसटी न्हाई! मंठ्याला परत फिरवा म्हणलं की फिरवली!” फोनवर म्हादबाबा धनगर खेकसले. त्यांचा कळप परतूरच्याही पुढे गेल्ता.

शबानाने फोन ठेवला. “आजी, उद्या सर येऊन राह्यलेत. मेंढ्या बघायला.”

मी कृषी खात्यातून रिटायर झालेली. आता मंठ्यात खत-नियोजकांना ट्रेनिंग देते. पोरं मला आजीच म्हणतात. नियोजकाचं काम सोपं दिसतं. गावात जनावरं किती, त्यांचं खत किती निघतं, त्यातून पिकाला किती पोषण मिळतं, हे काढायचं. कमी पडेल तेवढाच युरिया मागवायचा. शबाना बॅचमधली सगळ्यात हुशार, आणि सगळ्यात घाईची. तिला नेमून दिलेल्या गावाचा प्लॅन मला दाखवायच्या आधीच तिने आमच्या वरच्या अधिकाऱ्यांना, म्हणजे सरांना, मेल केला.

प्लॅनप्रमाणे त्या गावाला युरियाची जवळजवळ गरजच नव्हती. सर म्हणाले, “असं गाव डोळ्यांनी बघायचंय.” शबानाचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपत होतं. पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर सही सरांची.

मी प्लॅन उघडला. “इतक्या मेंढ्या? कुणाच्या गं?”

“सोनवणेंच्या रानात बसल्या होत्या. मी स्वतः मोजल्या.”

बसल्या होत्याच. उन्हाळ्यात रिकाम्या रानात धनगराचा कळप रात्रीचा बसवतात. लेंड्या आणि मूत थेट जमिनीत. शेतकरी बदल्यात धान्य देतो आणि कळप पुढच्या गावाला निघतो.

“सरांना सांगू का, चरायला गेल्यात?”

“सांग की. परत कधी येणार, तेही सांग.”

ती रडकुंडीला आली. मी तरी कोणत्या तोंडाने रागावणार? नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गावात इतके बैल मोजले होते, की माणसं राहतात कुठे असा प्रश्न पडावा. त्या दिवशी तिथे बैलबाजार होता. मी वर ‘अत्यंत समृद्ध गाव’ असा शेरा मारला, आणि गॉगल लावून एका बैलाशेजारी फोटोही काढला. दोघांत बैलच जास्त समंजस दिसतो.

दुसऱ्या दिवशी सर रानात उभे. समोर लेंड्या आणि वारा.

“मेंढ्या?”

शबानाने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

“गेल्या, सर,” ती म्हणाली. “मी पाहुणे घरचे म्हणून मोजले. असाच प्लॅन गेला तर युरिया कमी येईल अन् कापूस पिवळा पडेल. मला परत मोजू द्या.”

सर माझ्याकडे वळले. “मॅडम, हेच शिकवता का?”

“न्हाई साहेब. मी मोजते तेव्हा बैल असतात.” मंग मी बाजाराची गोष्ट सांगितली. सर हसले, पण म्हणाले, “सही नंतर. आधी नवा प्लॅन.”

शबाना पुन्हा घरोघर फिरली. या वेळी गोठ्यात शिरून आधी खुंटे पाहिले, मग खुंट्याचं जनावर. मेंढ्या फक्त सोनवणेंच्या रानापुरत्या धरल्या. युरिया वाढला. सही झाली.

परवा तिला म्हादबाबांचा फोन आला. “पोरी, तुझ्या शिवारात आलोय. जल्दी ये, मोजायच्या असतील तर.”

नव्या बॅचला मी पहिल्याच दिवशी सांगते: आधी खुंटे मोजा. खुंटा बाजारालाही जात नाही आणि परतूरलाही. गॉगलवाला फोटो मात्र दाखवत नाही.