श्रावणातला समुद्र

बायकोला सांगितलं नाही, पोरांनाही नाही. तुम्हाला सांगून राहिलो. तुम्हालाच काऊन? ते मलाही धड सांगता यायचं नाही.

मी गोंदियातून टूर काढतो. अंदमानला तर इतक्यांदा गेलो की बोटवाले नावानं हाक मारतात. डोळ्यांवर काचेचा चष्मा, तोंडात नळी, पाण्यावर पालथं तरंगत खालच्या रंगीत मासोळ्या पाहायच्या — स्नॉर्कलिंग म्हणतात त्याला. ते कधी करावं, हे मला झोपेतून उठवून विचारा. फेब्रुवारीत. तेव्हा पाणी असं नितळ की तळाची वाळू दिसते. आणि श्रावणात? छे! लाटा, पाऊस, सगळं गढूळ. श्रावणात मी एकाही गिऱ्हाइकाला कधी नेलं नाही.

नेलं ते फक्त माझ्या मोठ्या बहिणीला. बाई म्हणतो मी तिला. अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यात राहते. आम्ही जातीचे ढिवर. बाप बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, जाळं टाकायचा, आणि तो गेल्यावर बाईनं बाजारात मासोळ्यांचं टोपलं घेऊन बसून मला कॉलेजपर्यंत शिकवलं.

तिला काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर गेली. रोज थेंब घाला, म्हणजे उरलेली काही वर्षं टिकेल. त्या भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं आणि मी दिलेलं लुगडं बाजूला सारलं. "हे नको, बाबू. डोळे आहेत तंवर त्या समुद्रातल्या मासोळ्या दाखव." जन्मभर तिनं टोपल्यातल्याच पाहिल्या होत्या. तिला जित्या, पोहणाऱ्या पाहायच्या होत्या.

फेब्रुवारीत माझा ग्रुप जाणारच होता — शहरातले मोठे व्यापारी, कांदासुद्धा न खाणारे. मी कोणाचा पोरगा, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि बाई बोटीत बसल्या बसल्या सगळी टोपल्याची कहाणी सांगणार, हे मला ठाऊक होतं. सांगतो ना... लाज वाटली मला. तिची लाज वाटली.

म्हणून म्हणालो, फेब्रुवारीत समुद्र खराब असतो बाई, श्रावणात जाऊ, धानाची रोवणी आटोपल्यावर.

"काऊन गा? आपल्या बोडीचं पानी तं पुसात निवळते."

बघा! पूस म्हणजे पौष, ऐन थंडीचा महिना; कधी शाळेत न गेलेल्या बाईनं अचूक सांगितलं होतं. आणि मी? "समुद्राचं उलटं असते, बाई," म्हणालो. भावावर कोण संशय घेतो? तिनं मान हलवली.

श्रावणात गेलो, आम्ही दोघंच. दोन दिवस बोटी बंद. तिसऱ्या दिवशी तासभर उघडीप मिळाली. गाइडनं तिचा हात धरला, तिनं पाण्यात तोंड घातलं. मीही शेजारी घातलं. चहासारखं पाणी. माझा स्वतःचा हात मला दिसेना.

बाई किती वेळ तशीच राहिली! वर आली, चष्म्याची काच पुसली, पुन्हा खाली गेली. पुन्हा पुसली. मग हळूच म्हणाली, "पानी तं चांगलंच असन, बाबू. माहेच डोळे गेले."

मला एवढंच म्हणायचं होतं — बाई, मलाही काही दिसत नाही. एक वाक्य. पण ते बोललो असतो तर फेब्रुवारीचं विचारलं असतं तिनं. मी म्हणालो, "हो बाई, चल आता, थंडी वाजेल."

घरी आल्यावर तिनं थेंब घालणं सोडलं. तिच्या सुनेनं फोन करून सांगितलं, मामाजी, तुम्ही तरी समजवा. मी फोनवर समजावलं. म्हणजे दोन शब्द बोललो. "गेलेल्या डोळ्यात औषध कायले, बाबू?" ती म्हणाली. तेव्हाही खरं सांगता आलं असतं. तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. पुढच्या पुसात बोडीचं पाणी निवळलं, तोवर तिला दिवस की रात्र तेवढंच कळत होतं.

आता ती गावभर सांगते, भावानं समुद्र दाखवला, माह्याच नशिबात नव्हता. दर भाऊबीजेला मी पाटावर बसतो. टिळा लावायला तिचं बोट आधी माझं नाक शोधतं, मग भुवया, मग कपाळ. मी गुपचूप कपाळ पुढे करतो.